साखळी वहीत शिरते

२३ मे १८६१. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात तीन माणसं रात्रीच्या अंधारात एका लहान होडीत बसली आणि पाण्यापलीकडच्या किल्ल्याकडे वल्हवू लागली. फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड अशी त्यांची नावं. तिघंही गुलाम होते. मालक आपल्याला घरच्यांपासून दूर नॉर्थ कॅरोलिनात नेऊन तटबंदीच्या कामाला जुंपणार, असं त्यांच्या कानावर आलं होतं. अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यातलं युद्ध नुकतंच पेटलं होतं. व्हर्जिनिया दक्षिणेच्या बाजूला गेली होती, पण समोरच्या फोर्ट मन्रो किल्ल्यावर अजून उत्तरेचं सैन्य होतं.

२३ मे १९४५. तलासरीजवळच्या झरी गावी सुमारे ५,००० वारली आदिवासी जमले. बहुतेक जण चालत आले होते, आणि कित्येकांनी तर त्या दिवशी मालकाला न विचारता काम सोडलं होतं. त्यांच्या दृष्टीने पहिलं पाऊल पडलं ते तिथेच. सभेत काय ठरलं ते पुढे येईलच.

दोन्ही प्रसंग एकाच तारखेला घडले हा निव्वळ योगायोग. मधे ८४ वर्षं आहेत आणि एक अख्खा महासागर आहे. पण त्या दोन तारखांच्या मधून एक रेल्वेचा रूळ जातो, आणि तो डहाणूवरून जातो. हे प्रकरण त्या रुळाच्या कडेने चालणार आहे.

आधी होडीतल्या तिघांना किनाऱ्याला लावू. किल्ल्याचा सेनापती बेंजामिन बटलर हा मुळात वकील. दुसऱ्याच दिवशी दक्षिणेचा एक अधिकारी पांढरं निशाण घेऊन दारात हजर झाला. अमेरिकेत पळालेला गुलाम मालकाला परत केलाच पाहिजे असा कायदा होता, तेव्हा आमची माणसं द्या, असं त्याचं म्हणणं. बटलरने वकिली उत्तर दिलं: तुम्ही तर म्हणता की व्हर्जिनिया आता वेगळा देश आहे, मग आमच्या देशाचा कायदा तुम्हाला कशाला लागू करायचा? शिवाय तुम्ही या माणसांना तुमची मालमत्ता समजता आणि ती आमच्याविरुद्ध लढाईत वापरता, म्हणून शत्रूचा माल म्हणून आम्ही ती जप्त करतो.

उत्तर मोठं हुशारीचं. पण त्यातली बोच बघा. माणसं सुटली ती 'माल' म्हणूनच, माणसं म्हणून नव्हे. तरी ही बातमी आसपासच्या मळ्यांत वाऱ्यासारखी पसरली आणि काही दिवसांत बायकामुलांसह माणसं त्या किल्ल्याकडे येऊ लागली. युद्ध संपेपर्यंत उत्तरेच्या छावण्यांकडे असे लाखो लोक चालत आले. अमेरिकेतल्या गुलामांना लिंकनने सोडवलं, असं शाळेच्या पुस्तकात एका ओळीत असतं. लिंकनचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा. होडी त्याच्या दीड वर्ष आधीच निघाली होती.

हे सगळं पेटलं ते कापसावरून. १७९३ मध्ये एली व्हिटनी याने सरकी वेगळी काढायचं यंत्र केलं. खानदेश-वऱ्हाडात आजही ज्याला आपण 'जिन' म्हणतो, तेच. यंत्र आलं की माणसाचे कष्ट कमी होतात, अशी आपली समजूत असते. इथे उलटं झालं. सरकी झपाट्याने निघू लागली म्हणून कापूस भराभर लावला गेला, आणि तो वेचायला तर हातच लागत. १७९० मध्ये अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० मध्ये ते ३९ लाखांच्या वर गेले. १८०८ पासून परदेशातून गुलाम आणायला कायद्याने बंदी होती. त्यामुळे देशातल्या देशातच माणसांचे बाजार भरू लागले. आई एका मळ्यावर, लेकरू दुसऱ्या मळ्यावर. गुलाम आईच्या पोटी जन्मलेलं मूल जन्मतःच मालकाचं, असा कायदाच होता.

हा कापूस जायचा इंग्लंडला. लँकेशरच्या गिरण्या तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडून घेत. १८६१ मध्ये लिंकनच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली आणि गिरण्यांची चाकं थांबली. मग इंग्रज व्यापाऱ्यांना आठवण झाली ती मुंबईची.

गुजरात, खानदेश, वऱ्हाड, सगळीकडचा कापूस मुंबईकडे धावू लागला. भाव कित्येक पटींनी चढले. गाद्यांमधला जुना कापूस उसवून लोकांनी विकला, असं त्या काळाबद्दल सांगतात. लँकेशरच्या कामगारांना मात्र हा आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला माल अजिबात आवडत नसे. हिंदुस्थानातून येणाऱ्या सगळ्याच कापसाला ते 'सुरत' म्हणत. देवा, कापूस दे पण सुरत नको, अशी प्रार्थना तिथल्या चर्चमध्ये झाल्याची एक गोष्ट आहे. खरी असो वा रचलेली, ती लँकेशरमध्ये पिढ्यानपिढ्या सांगितली गेली.

मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद हा त्या पुरातला सर्वांत मोठा नावाडी. त्याने २ लाख रुपये दिले आणि आईच्या नावाने मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. फोर्टात गेलात तर त्या घड्याळाकडे बघताना मिसिसिपीचे कापूस-मळे डोळ्यांसमोर आणा. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला, बातमी मुंबईत पोचली आणि भाव कोसळले. १ जुलै १८६५ रोजी सट्ट्याचे सौदे मिटवायचा दिवस उगवला तेव्हा भल्याभल्यांचं दिवाळं वाजलं.

आता डहाणूला येऊ. डहाणूच्या स्टेशनला 'डहाणू रोड' का म्हणतात? जुनं गाव समुद्राकाठी, खाडीच्या तोंडाशी. रेल्वे गेली ती पूर्वेकडून, गावापासून अंतर ठेवून. जिथून गावाकडे जाणारा रस्ता फुटतो त्या स्टेशनाला 'रोड' जोडायची रेल्वेची जुनी रीत होती. पुढचं बोर्डी रोड आणि उंबरगाव रोड ही त्याच रीतीची भावंडं. ही लाइन टाकली बी. बी. अँड सी. आय. म्हणजे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने. कंपनी १८५५ ची, म्हणजे मार्ग ठरला तो युद्धाच्या आधीच. पण गुजरातच्या कापूस-मुलखातून निघालेले रूळ डहाणूवरून मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत पोचले ते नोव्हेंबर १८६४ मध्ये, कापसाची तेजी ऐन भरात असताना. त्याच महिन्यात तिकडे लिंकन दुसऱ्यांदा निवडून आला आणि उत्तरेचा सेनापती शर्मन जॉर्जियातले मळे आणि रूळ उखडत समुद्राकडे निघाला. तिकडे कापसाचे रूळ उखडले जात होते, इकडे कापसाचे रूळ जोडले जात होते.

अमेरिकेत त्या काळी आणखी एक रेल्वे होती. तिला रूळ नव्हते, इंजिन नव्हतं. पळणाऱ्या गुलामांना रात्री चालवत एका घरून दुसऱ्या घरी लपवत उत्तरेला पोचवणाऱ्या माणसांच्या साखळीला लोक 'भूमिगत रेल्वे' म्हणत. हॅरिएट टबमन ही स्वतः पळून सुटलेली बाई सुमारे १३ वेळा परत दक्षिणेत गेली आणि ७० च्या आसपास माणसं सोडवून घेऊन आली. त्या रेल्वेने माणसं सोडवली. डहाणूच्या खऱ्याखुऱ्या रेल्वेने काय केलं, हे मात्र वारल्यांना विचारायला हवं.

पूर्वी डहाणूचं जंगल बैलगाडीच्या चाकाने आणि होडीने मुंबईला जायचं. रूळ आल्यावर साग, जळाऊ लाकूड, कोळसा आणि मुंबईच्या तबेल्यांसाठी गवत नेणं सोपं झालं. त्या धंद्याच्या मागोमाग ठेकेदार आले, दारूचे मक्तेदार आले, सावकार आले. १८६५ मध्ये इंग्रज सरकारने पहिला वनकायदा केला, १८७८ मध्ये दुसरा, त्याहून कडक. ज्या रानात वारली राब भाजून नागली, वरई घेत होते, मध आणि कंद आणत होते, ते रान आता सरकारचं झालं. दुसऱ्या बाजूने जमीन सावकाराच्या नावावर चढत गेली. वारल्याला रोख रकमेची, कागदाची, कचेरीची सवय नव्हती. त्याच्याकडे अंगठा होता, तो उठवून घेतला गेला.

अंगठ्यापाशी जरा थांबू या, कारण गुलामगिरीची खरी गोम इथे आहे. फ्रेडरिक डग्लस हा मेरीलँडमधला गुलाम मुलगा. बाल्टिमोरच्या घरी मालकिणीने त्याला हौसेने अक्षरं शिकवायला घेतली. मालकाने तिला झापलं: हा वाचायला शिकला तर गुलाम म्हणून कामाचा राहणार नाही. डग्लसने पुढे लिहिलंय की स्वातंत्र्याची वाट कुठून जाते ते आपल्याला त्या क्षणी कळलं. मग त्याने गल्लीतल्या गोऱ्या पोरांना पाव देऊन त्यांच्याकडून वाचन शिकून घेतलं. १८३८ मध्ये तो खलाशाचा वेश करून पळाला, १८४५ मध्ये त्याने आत्मचरित्र लिहिलं आणि जगभर त्याचं नाव झालं. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणं हा गुन्हा होता. उगाच नव्हता.

डिसेंबर १८६५ मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेत तेरावी दुरुस्ती झाली आणि गुलामगिरी कायद्याने संपली. दक्षिणेचा पराभव झाला, सुमारे ४० लाख माणसं मोकळी झाली. टेक्सासमधल्या गॅलव्हेस्टनला तर लिंकनच्या जाहीरनाम्याप्रमाणे गुलाम मोकळे झाल्याचा हुकूम सैन्याने १९ जून १८६५ रोजी जाहीर केला, अडीच वर्षं उशिरा. तो दिवस आज तिथे सणासारखा पाळतात.

पण मोकळं होऊन जायचं कुठे? खिशात पैसा नाही, पायाखाली जमीन नाही. जानेवारी १८६५ मध्ये शर्मनने हुकूम काढला होता की समुद्रकाठच्या पट्ट्यातली जमीन सुटलेल्या कुटुंबांना ४० एकरांपर्यंत वाटून द्यावी. हजारो कुटुंबांनी ती कसायला घेतली. लिंकनचा खून झाल्यावर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सनने त्याच वर्षी ती जमीन जुन्या मळेवाल्यांना परत केली. माझ्या मते एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेची सर्वांत मोठी चूक ही. युद्धाहून मोठी.

कारण पुढचं सगळं त्यातून निघालं. माणूस जुन्याच मालकाच्या जमिनीवर अर्धेलीने राबू लागला. बियाणं, खेचर, पीठ, मीठ, कापड, सगळं मालकाच्या दुकानातून उधार. हिशेब मालकाच्या वहीत, व्याज मालकाच्या मनावर. हंगाम संपला की वही उघडायची आणि दरवर्षी थोडं देणं उरायचंच. देणं फिटल्याशिवाय जागा सोडायची नाही. मिसिसिपीने तर १८६५ मध्येच कायदा केला की काळ्या माणसाकडे दर जानेवारीत कामाचा कागद हवा, नसेल तर तो भटक्या ठरून त्याला दंड, आणि दंड भरणाऱ्याकडे त्याने राबायचं. १८६७ मध्ये अमेरिकन संसदेने कर्जापोटी राबवून घेण्याला बंदी घातली. कायदा झाला, वही चालूच राहिली. पूर्वी साखळी लोखंडाची होती, तोडली की तुटल्याचा आवाज तरी यायचा.

इकडे पुण्यात एक माणूस अमेरिकेकडे बारकाईने बघत होता. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं आणि ते अर्पण केलं कुणाला, तर अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना ज्यांनी गुलामांच्या सुटकेसाठी झीज सोसली. आपल्या देशबांधवांनी हा कित्ता गिरवावा आणि शूद्रातिशूद्रांना दास्यातून सोडवावं, अशी त्यामागे आस होती. जोतीरावांचा अमेरिकेशी संबंध केवळ वाचनातला नव्हता. अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार बाई मुलींची शाळा चालवत, ती जोतीरावांनी पाहिली होती. मराठी पुस्तकाच्या पहिल्या पानावर अमेरिकेला केलेला हा नमस्कार मला फार मोलाचा वाटतो. मात्र ते पुस्तक छापलं जात होतं तेव्हा मिसिसिपीत वही सुरू झाली होती. आणि डहाणूतही.

डहाणूतल्या वहीचं नाव होतं 'लग्न'.

वारल्यांचं लग्न तुम्ही चित्रांत पाहिलंय. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला चौक, आत पालघाट देवी, भोवती तारप्यावर नाचणारी माणसं. सवाष्णी चौक लिहितात, धवलेरी बाई गाणी म्हणत लग्न लावते. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रकला कागदावर आणली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि आता तो चौक पिशव्यांवर, कपांवर, विमानतळाच्या भिंतींवर दिसतो. पण लग्नाला देज म्हणजे वधूमूल्य लागायचं, पाहुण्यांना जेवण आणि ताडी लागायची. त्यासाठी तरुण सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून पैसे उचलायचा आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचा. त्याला 'लग्नगडी' म्हणत. त्याच्याबरोबर त्याची बायकोही राबायची. देणं कधी फिटायचंच नाही. मजुरी म्हणून मिळायचं थोडं धान्य, पावसाळ्यात खावटीचं कर्ज वर चढायचं, आणि बाप मेला की देणं मुलाच्या डोक्यावर. पळाला तर धरून आणायचे, मारायचे. लग्न परवडत नाही म्हणून कित्येक जोडपी मुलंबाळं झाल्यावर लग्न लावत.

लग्नगड्याखेरीज वेठ होती ती वेगळीच. मालकाच्या शेतावर, घरी, गाडीला, बिनमजुरीचं काम. आपली शेती पडीक राहिली तरी आधी मालकाची. १९३७ नंतरच्या मुंबई सरकारने सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याकडून आदिवासींच्या स्थितीची चौकशी करवली. तो काही क्रांतिकारक नव्हता, इंग्रज सनदी नोकर होता. त्यानेही लग्नगड्यांची दशा गुलामांसारखी असल्याचं नोंदवलं. अहवाल निघाला, कपाटात गेला.

इथे एक सांगायला हवं, तुलना फार ताणू नये. वारल्याला चौथऱ्यावर उभं करून कुणी लिलाव पुकारत नव्हतं. कायद्याने तो मोकळाच होता. हिंदुस्थानात १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीला सरकारी मान्यता उरली नव्हती, अमेरिकेच्या २२ वर्षं आधीच. म्हणून तर त्याची गोष्ट होडीतल्या तिघांपेक्षा त्यांच्या मुलानातवंडांच्या गोष्टीशी जास्त जुळते. कायद्याने मोकळा, वहीने बांधलेला.

आता झरीला जाऊ. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली होती, तिला उंबरगाव-डहाणूकडचे काही वारलीही गेले. तलासरीचा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात होता. शामराव आणि गोदावरी परुळेकर या किसान सभेच्या जोडप्याने मग इकडे मुक्काम हलवला. गोदावरीबाई मूळच्या पुण्याच्या गोखल्यांच्या, कायद्याच्या पदवीधर. फोर्ट मन्रोचा बटलर वकील, झरीच्या सभेतली बाईही वकिली शिकलेली. फरक हा की बटलरने माणसांना माल म्हणून ठेवून घेतलं, आणि गोदावरीबाई वारल्यांना सांगत होत्या की तुम्ही माल नाही.

झरीला साधे ठराव झाले. वेठ करायची नाही. मालकाच्या खासगी शेतावर रोज १२ आणे रोख मजुरी मिळाल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. मारायला आला तर एकीने उभं राहायचं. पुढच्या काही आठवड्यांत वारल्यांची टोळकी लाल झेंडा घेऊन एकेका जमीनदाराच्या दारी गेली आणि लग्नगड्यांना म्हणाली, चला. लग्नगडी हातातलं काम टाकून निघाले. फारसा रक्तपात नाही, कोर्टकचेरी नाही. लग्नगड्याची पद्धत काही आठवड्यांत मोडली. अमेरिकेत गुलाम मळ्यांवरून उठून छावण्यांकडे चालू लागले, त्याला डब्ल्यू. ई. बी. दुबॉईस या काळ्या इतिहासकाराने सार्वत्रिक संप म्हटलंय. झरीनंतरच्या त्या आठवड्यांना दुसरं कुठलं नाव द्यायचं?

पुढे ऑक्टोबरात गवत-कापणीचा संप झाला. ५०० पौंड गवताला अडीच रुपये, ही मागणी. मुंबईचे तबेले या गवतावर चालायचे, त्यामुळे घाव बरोबर बसला. मग बाईंची सभा आहे अशी खोटी आवई उठवून वारल्यांना तलवाड्याला जमवलं गेलं आणि १० ऑक्टोबर १९४५ च्या रात्री पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण गेले. त्यांतले एक जेठ्या गांगड. परुळेकरांवर जिल्हाबंदी आली. गोदावरीबाईंनी हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलंय. पुस्तक १९७० चं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वाचायला सोपं आहे, शाळेच्या ग्रंथालयात नसेल तर मागवायला सांगा.

कागद मागाहून आले. भारताच्या राज्यघटनेच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी घातली. कर्जापोटी राबवणं मोडणारा स्वतंत्र कायदा आला १९७६ मध्ये, झरीनंतर ३१ वर्षांनी. रानातल्या जमिनीवरचा हक्क मानणारा वनहक्क कायदा २००६ चा. त्याखालचे वनपट्टे मिळवण्यासाठी डहाणू-तलासरीत अजूनही मोर्चे निघतात. ज्या ४० एकरांचा शब्द जॉन्सनने मोडला, त्याच जातीचं हे भांडण आहे.

कागदांच्या दिरंगाईत मिसिसिपी मात्र आपल्याही पुढे आहे. गुलामगिरी बंद करणाऱ्या तेराव्या दुरुस्तीला त्या राज्याच्या विधिमंडळाने मंजुरी दिली १९९५ मध्ये. त्या मंजुरीचा कागद वॉशिंग्टनला पाठवायचा राहून गेला. तो नोंदला गेला फेब्रुवारी २०१३ मध्ये. दोन महिन्यांनी डहाणू रोडला मुंबईची पहिली लोकल आली.